नर्फ एका पत्त्याचा, फटका अख्ख्या डेकला: हर्थस्टोनमधल्या क्लास बॅलन्सबद्दल

धरमपेठचा_वॉरियर · रविवार, रात्री १०:४०

मंडळी, आज सकाळी लॉ कॉलेज चौकात तर्री-पोहे खाता खाता जो वाद पेटला, तो पैसे देऊन झाले तरी संपला नाही. म्हणून धागा काढतोय. तान्ह्या पोळ्यानंतरच्या रविवारी आपण हर्थस्टोनची, म्हणजे ऑनलाइन पत्त्यांच्या गेमची, आठ जणांची स्पर्धा घेणार आहोत. तिच्यात एखाद्या पत्त्यावर किंवा क्लासवर (वॉरियर, हंटर, मेज, रोग असे खेळाडूचे प्रकार) बंदी घालायची का, हा मूळ प्रश्न. बंदीचं नाव निघालं की नर्फ, म्हणजे निर्मात्यांनी पत्ता मुद्दाम कमजोर करणं, निघतोच, आणि नर्फ निघाला की मला २०१५ चा ऑक्टोबर आठवतो.

तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. गेमवर एक रुपया खर्च करण्याची ऐपत नव्हती. वॉरियर हा एकच क्लास मी मनापासून खेळायचो आणि माझ्याकडे धड असा एकच डेक (खेळायचा पत्त्यांचा संच) होता, पॅट्रन वॉरियर. ग्रिम पॅट्रन म्हणजे ५ मानाचा (माना ही पत्ता उतरवायची किंमत) ३/३ मिनियन, म्हणजे ३ अटॅक आणि ३ आरोग्य असलेला टेबलावरचा लढवय्या. मार खाऊन वाचला की शेजारी आणखी एक पॅट्रन उभा करायचा. वॉरसाँग कमांडर ३ अटॅकपर्यंतच्या मिनियनला चार्ज द्यायची, त्यामुळे आलेला प्रत्येक पॅट्रन त्याच टर्नला धावून जायचा. फ्रॉदिंग बर्सर्कर २ अटॅकने उतरायचा, म्हणून त्यालाही चार्ज मिळायचा, आणि टेबलावर ज्याला ज्याला लागेल त्यागणिक त्याचा अटॅक वाढायचा. सगळ्या मिनियनना मार देणारं वर्लविंड कधी, डेथ्स बाइट हे हत्यार कधी फोडायचं, आधी कोणाला मारायचं, हे सगळं घड्याळाची दोरी जळत असताना डोक्यात मांडावं लागायचं. हा डेक शिकायला मला दोन महिने लागले.

मग वॉरसाँग कमांडरचा मजकूर बदलला. नवा मजकूर असा, की चार्ज असलेल्या मिनियनना १ अटॅक जास्त. म्हणजे चार्ज देणं हे तिचं कामच काढून घेतलं. तिची किंमत वाढवली नाही, ३ ऐवजी २ अटॅकची मर्यादाही घातली नाही.

आता परतफेडीचं बघा. नर्फ झालेला पत्ता मोडला तर दोन आठवडे पूर्ण डस्ट (नवे पत्ते बनवायचं गेममधलं चलन) मिळतं, आणि लोक म्हणतात की मग तक्रार कशाची? वॉरसाँग बेसिक सेटमधली, म्हणजे सगळ्यांना फुकट मिळणाऱ्या पत्त्यांतली. तिचं डस्ट होतच नव्हतं. पॅट्रन आणि डेकमधलाच एम्परर थॉरिसन ब्लॅकरॉक माउंटन या ॲडव्हेंचरच्या (टप्प्याटप्प्यानं विकत घ्यायच्या मोहिमेच्या) पहिल्या विंगमधले. ती विंग ७०० सोन्याची, म्हणजे रोजच्या ४०-६० च्या क्वेस्टवर दोन आठवड्यांची कमाई. डेथ्स बाइट नॅक्सरामासमधलं. ॲडव्हेंचरचे पत्तेही तेव्हा मोडता येत नव्हते. माझ्या डेकचा कणा गेला आणि परत आलं शून्य.

पॅकमधल्या पत्त्यांचा डेक असता तरी हिशेब फार वेगळा होत नाही. समजा दुर्मिळतेच्या उतरत्या क्रमानं २ लेजंडरी, ४ एपिक, १० रेअर, १४ कॉमन. बनवायला ३२०० + १६०० + १००० + ५६०, म्हणजे ६३६० डस्ट. नर्फ झाला त्यातल्या एका रेअरच्या दोन प्रतींचा, तर पूर्ण भावानं परत येतात २००. उरलेले २८ पत्ते नेहमीच्या भावानं मोडले तर १४३०. एकूण १६३०. चौथा हिस्सा. ज्याच्याकडे पाच डेक आहेत तो दुसरा डेक उचलतो. ज्याच्याकडे एकच आहे त्याच्या दृष्टीनं तो क्लासच बंद पडतो.

माझं म्हणणं एवढंच: नर्फ करायचा तर आकडा फिरवा, क्लासचा हातपाय तोडू नका. आणि जे पत्ते सगळ्यांना फुकट मिळतात त्यांना सगळ्यात शेवटी हात लावा.

---

मानेवाड्याची_मेज · रविवार, रात्री ११:१५

दादा, तुझा डेक गेला याचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. पण समोरच्या खुर्चीवर मी बसलेली असायचे हे विसरू नकोस. माझं टेबल रिकामं, आरोग्य २२, समोर वॉरियरचं टेबलही रिकामं, आणि एका टर्नमध्ये मी मेलेली. त्या टर्नला मला करता येण्यासारखं काहीच नसायचं. टॉन्ट (ज्याला आधी मारावंच लागतं असा मिनियन) उभा केला तर एखादा धक्का पुढे ढकलला जायचा, इतकंच.

आणि आकडा फिरवा म्हणतोस, तर कुठला? वॉरसाँग ३ ची ४ मानाची केली असती तरी हातातले पत्ते १ मानानं स्वस्त करणारा थॉरिसन बसून गेला की ती पुन्हा ३ ची. २ अटॅकची मर्यादा घातली असती तर पॅट्रन सुटले असते, पण फ्रॉदिंग २ चाच, तो तसाच धावला असता. शिवाय वॉरसाँग बेसिक, म्हणजे ती कायम राहणार. पुढे येणारा प्रत्येक छोटा मिनियन वॉरियरच्या हातात चार्जसह येईल हे धरूनच तो बनवावा लागला असता. निर्मात्यांनी तेव्हा हेच कारण दिलं होतं आणि मला ते पटतं.

फक्त मिनियनवर हल्ला करू देणारा रश हा शब्द गेममध्ये आला २०१८ च्या एप्रिलमध्ये, विचवूडबरोबर. २०१५ मध्ये तो हाताशी असता तर वॉरसाँगला चार्जऐवजी रश देऊन पॅट्रन वाचवता आला असता असं मला नेहमी वाटतं. टेबलावरची मारामारी तशीच राहिली असती, फक्त थेट तोंडावरचा मार गेला असता.

---

हंटर_हनुमाननगर · रविवार, रात्री ११:३२

भाऊ, तुमचं वॉरियरचं दुखनं समजते. पन हंटरवाल्याले कोनी विचारून नाही राहिलं.

मी २०१४ पासून हंटरच खेळून राहिलो. पयले मोठ्या भावाच्या कॉम्प्युटरवर, अन् २०१५ च्या एप्रिलमधी गेम फोनवर आला तवापासून फोनवर. स्टार्व्हिंग बझर्ड २ मानाचा होता. बीस्ट (जनावर मिनियन) उतरला की एक पत्ता ओढाचा. त्याच्यावर अनलीश द हाउंड्स टाकलं की समोरच्याचे जितके मिनियन तितके कुत्रे, अन् जितके कुत्रे तितके पत्ते हातात. जास्त होतं, मी नाही म्हनत नाही. अनलीश २ चं ३ केलं मे २०१४ मधी, ते बरोबरच केलं. समोरच्याले मोजून-मापून मिनियन टाकाले वेळ भेटला.

पन सप्टेंबरमधी बझर्ड २ चा थेट ५ केला. ५ अन् ३ आठ! आठव्या टर्नपावतर हंटर जिवंत राहिला तर त्याले पत्ते ओढाची गरजच कायची? हंटरची हिरो पॉवर (दर टर्नले वापराची क्लासची ताकद) फक्त समोरच्याच्या तोंडावर २. टेबल सांभाळाले तिचा काही उपयोग नाही. वॉरलॉक २ आरोग्य देऊन रोज पत्ता ओढते, आमच्याजवळ ट्रॅकिंग होतं, त्याच्यात तीन पाहून एक घेनं, बाकीचे दोन गेले. मंग हंटरवाल्यानं काय करावं? सरळ तोंडावर. अन् मंग सारे म्हनतात का हंटरवाल्याले डोकं नाही लागत. डोकं लागत होतं, ते काढून घेतलं ना बाप्पा.

बझर्डही बेसिकच होता. आमालेही काही वापस नाही भेटलं.

---

धरमपेठचा_वॉरियर · रविवार, रात्री ११:५०

हंटरभाऊ, बझर्ड बेसिक होता हे माझ्या लक्षातच नव्हतं. ही माहिती मोलाची आहे.

ताई, वॉरसाँगबद्दल तुझं बरोबर आहे. २ अटॅकच्या मर्यादेनं फ्रॉदिंग सुटला नसता, हा हिशेब मी इतक्या वर्षांत केला नव्हता. पण हंटरभाऊंनी सांगितलेली अनलीश आणि बझर्डची जोडीच माझं म्हणणं सांगते. २ चं ३ केलं तर पत्ता जगला, २ चा ५ केला तर मेला. स्वस्त पत्त्याला १ माना म्हणजे फार मोठी गोष्ट असते. कॉल ऑफ द वाइल्ड २०१६ मध्ये ८ चा ९ झाला, म्हणजे किंमत आठव्या हिश्शानं वाढली. फायरी वॉर ॲक्स २०१७ च्या सप्टेंबरमध्ये २ ची ३ झाली, तिची किंमत निम्म्यानं वाढली. कागदावर दोन्हीकडे ‘१ माना’ असंच लिहिलेलं दिसतं.

आणि निम्मी किंमत हीही पूर्ण गोष्ट नाही. दुसऱ्या टर्नला कुऱ्हाड नसेल तर वॉरियरकडे करायला काय उरतं? २ मानाची हिरो पॉवर दाबून २ आर्मर. तिसऱ्या टर्नला कुऱ्हाड उचलेपर्यंत समोरच्याचे दोन मिनियन उभे असतात. एका पत्त्यात दोन मिनियन मारायचे, आरोग्य थोडं गमवायचं आणि गेम लांबवायचा, ही वॉरियरची पहिल्या दिवसापासूनची ओळख होती. त्या महिन्यात पाच पत्ते बदलले: ॲक्स, इनर्व्हेट, हेक्स, मरलॉक वॉरलीडर, स्प्रेडिंग प्लेग. पहिले तीन बेसिक. वॉरलीडर एपिक, त्याचे ४०० मिळाले, आणि प्लेग रेअर, त्याचे १००. ज्याच्याकडे फक्त फुकटचे पत्ते होते त्याचं नुकसान झालं आणि भरपाईच्या यादीत त्याचं नावच नाही.

---

गणिताचा_तास · सोमवार, सकाळी ७:०५

शाळेत निघण्याआधी लिहितो, कारण काल चौकात ‘हा क्लास ६० टक्के जिंकतो’ हे वाक्य मी चार वेळा ऐकलं.

किती सामन्यांत ६० टक्के? ५० सामन्यांत ३० जिंकले तर निव्वळ नशिबाचा हेलकावा दोन्ही बाजूंना १४ टक्क्यांपर्यंत असू शकतो. म्हणजे खरी ताकद ५० टक्के असलेला डेकही तुमच्या वहीत ६० दाखवेल. हाच हेलकावा ५ टक्क्यांवर आणायचा तर ४०० सामने लागतात. आपल्या रविवारच्या मेजावर एका हंगामात एका डेकचे ४०० सामने होत नाहीत. म्हणून ‘आपल्यात हा क्लास फार जिंकतो’ एवढ्यावर बंदी नको.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एखादा डेक सगळेच खेळायला लागले की त्याचा विजयाचा आकडा ५० कडे सरकतो. कारण तो स्वतःशीच भिडतो, आणि स्वतःशी भिडताना एक जिंकतो, एक हरतो. म्हणून ‘आकडा तर ५२ च आहे, नर्फ कशाला’ हा युक्तिवाद अपुरा. बघायचं ते हे की त्याच्या भीतीनं बाकीचे किती डेक घरी बसले. २०१७ चा क्वेस्ट रोग, म्हणजे रोग क्लासचा क्वेस्ट डेक, आठवा. त्याचा एकूण आकडा डोळ्यात भरण्याइतका नव्हता. वेगवान डेक त्याला सहज मारत. पण सावकाश खेळणाऱ्या कंट्रोल डेकना तो इतका चिरडायचा की लोकांनी ते डेक ठेवूनच दिले. म्हणून कॅव्हर्न्स बिलो या त्याच्या क्वेस्ट पत्त्याची अट ४ वरून ५ केली, म्हणजे एकाच नावाचे ५ मिनियन उतरवा. तरी पुरलं नाही, तेव्हा २०१८ मध्ये बक्षिसाचे ५/५ मिनियन ४/४ केले. मला हे दोन पायऱ्यांचं काम आदर्श वाटतं. दोन्ही वेळा आकडा फिरवला आणि रोगची ओळख तशीच राहिली.

---

संत्रानगरीचा_प्रीस्ट · सोमवार, दुपारी १:२०

पोळ्याचा विषय निघालाच आहे तर मनात आलेलं लिहितो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काळी-पिवळी मारबत निघते, ‘ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून अख्खं गाव ओरडतं. नर्फची यादी येण्याआधी खेळाडूंचं अगदी तेच होतं. वर्षभराची सगळी पीडा एका पत्त्याच्या डोक्यावर ठेवायची आणि त्याला गावाबाहेर नेऊन जाळायचं.

२०१८ च्या फेब्रुवारीत राझाचं हेच झालं. राझा द चेन्डमुळे हिरो पॉवर ० मानाची व्हायची, आणि शॅडोरीपर अँडुइन आला की ती प्रत्येक पत्त्यामागे नव्यानं दाबता यायची, दर वेळी २ डॅमेज. नर्फनंतर ० च्या जागी १. तो आकडाच होता, क्लासचा हातपाय नव्हता, तरी डेक गेला. तेव्हा वॉरियरभाऊ, ‘आकडा फिरवला की पत्ता जगतो’ हा नियम सरसकट धरता येणार नाही. ० आणि १ मधलं अंतर हे १ आणि २ मधल्या अंतरासारखं नसतं. फुकट गोष्ट कितीही वेळा करता येते.

राझाचे मला १६०० मिळाले. अँडुइन नर्फच्या यादीत नव्हता, तो मी मोडला नाही. अजून संग्रहात आहे.

---

लॉकॉलेजचा_रोग · सोमवार, दुपारी २:०२

नवीन क्लास आणतानाही हेच होतं ना? एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, सगळे घरी बसलेले असताना डीमन हंटर आला. पहिल्या दिवशी मी लागोपाठ फक्त डीमन हंटरच भेटताना पाहिले. दुसऱ्याच दिवशी नर्फ जाहीर झाले: स्कल ऑफ गुल्डान ५ चा ६, एंटेन ५ चा ६, आय बीम ० चा १, ॲल्ड्राची वॉरब्लेड्सची ड्युरेबिलिटी (हत्यार किती वेळा चालतं ते) ३ ची २. चारही ठिकाणी एकच घर, आणि क्लास त्यानंतरही जोरात खेळला गेला. इतक्या लवकर केलं म्हणूनच कोणाचं मन दुखलं नाही. कोणी त्या डेकवर महिना घातलाच नव्हता.

---

मानेवाड्याची_मेज · सोमवार, दुपारी २:३०

रोगचा हा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटला. वेळ. अंडरटेकर २०१४ च्या जुलैमध्ये आला आणि २०१५ च्या जानेवारीपर्यंत तसाच राहिला. पहिल्या टर्नचा १/२, प्रत्येक डेथरॅटलमागे (मरताना काही करून जाणाऱ्या मिनियनमागे) +१/+१. तिसऱ्या टर्नला माझ्या फ्रॉस्टबोल्टनंही मरायचा नाही. आरोग्याची वाढ काढून फक्त अटॅकची ठेवली तेव्हा सुटका झाली, पण तोवर ज्यांनी त्याच्याभोवती संग्रह उभा केला त्यांचे सहा महिने गेले होते. पहिल्या पंधरा दिवसांत केलं असतं तर दोघांचंही भलं होतं.

---

सक्करदऱ्याचा_शामन · सोमवार, रात्री ९:१०

एक वेगळी बाजू. आमच्या घरी आजोबांपासून सगळे मेंढीकोट खेळतात. हुकमाच्या दश्शीची किंमत मध्येच कोणी बदलली तर डावच मोडेल. छापील संग्राह्य पत्त्यांच्या खेळातही हेच बंधन आहे. मॅजिकचा पत्ता लोकांच्या कपाटात पोचला की त्यावरचा आकडा पुसता येत नाही, म्हणून तिथं बंदी घालावी लागते. बंदी घातलेला पत्ता निदान होता तसा राहतो, दुसऱ्या फॉरमॅटमध्ये किंवा मित्रासोबत तो खेळता येतो. आपल्या डिजिटल पत्त्याचा जुना मजकूर नाहीसाच होतो.

म्हणून २०२१ मध्ये क्लासिक फॉरमॅट आला तेव्हा मला फार आनंद झाला होता. जून २०१४ मधले पत्ते जसेच्या तसे. लीरॉय पुन्हा ४ चा, बझर्ड २ चा. हंटरभाऊ तेव्हा महिनाभर दुसरं काही खेळले नाहीत. २०२३ मध्ये तो फॉरमॅट बंद झाला. तो जुना बझर्डही त्याच्याबरोबर गेला.

---

हंटर_हनुमाननगर · सोमवार, रात्री ९:१८

हाव. महिनाभर नाही, जवळजवळ सारं वर्ष. फोन तापून जाये पन खेळनं नाही सोडलं.

---

धरमपेठचा_वॉरियर · सोमवार, रात्री १०:२५

सगळं दोनदा वाचलं. स्पर्धेपुरतं ठरवू या.

आपल्याला नर्फ करता येत नाही. पत्त्यावर बंदी घातली तर ज्याचा एकुलता एक डेक त्या पत्त्यावर उभा आहे त्याच्यावर तोच अन्याय होईल ज्याबद्दल मी काल एवढं लिहिलं. गणितसरांचं ऐकून क्लासवरही सरसकट बंदी नको, कारण आपल्याकडे तेवढे सामनेच नाहीत. म्हणून कॉन्क्वेस्ट. प्रत्येकानं तीन वेगवेगळ्या क्लासचे तीन डेक आणायचे, समोरच्यानं त्यातला एक बाद करायचा, उरलेल्या दोन्हींनी एकेकदा जिंकलं की सामना जिंकला. ज्याला ज्या क्लासची धास्ती आहे तो स्वतःपुरता त्याला बाजूला काढेल. आठ जण, सात सामने, संध्याकाळपर्यंत होईल.

अडचण एकच. हंटरभाऊ, तुमच्याकडे हंटर सोडून दोन डेक आहेत का?

---

हंटर_हनुमाननगर · सोमवार, रात्री १०:३१

नाही ना भाऊ. एक हंटर, अन् एक अर्धा पॅलाडिन. इक्वॉलिटी २ ची ४ झाली तवाच तो अर्धा सोडला, कॉन्सिक्रेशन धरून ६ चे ८ होऊन गेले. मी पाहाले येतो, तुम्ही खेळा.

---

मानेवाड्याची_मेज · सोमवार, रात्री १०:३४

पाहायला नाही, खेळायला यायचं. फ्रेंडली चॅलेंजमध्ये समोरच्याचे डेक उसने घेता येतात. भाऊ, ज्याच्याशी सामना असेल त्याच्याकडून दोन डेक घ्या, तिसरा तुमचा हंटर. आणि माझा प्रस्ताव: ज्यानं डेक उसने दिले त्यानं हंटर बाद करायचा नाही. उसन्या दोनांतलाच एक बाद करायचा. म्हणजे तुमचा स्वतःचा डेक दर सामन्यात खेळला जाईल.

---

गणिताचा_तास · सोमवार, रात्री १०:४०

मान्य. पहिल्या फेरीत ते माझ्याशी भिडले तर माझे मेज आणि ड्रुइड दोन्ही देतो. मात्र ते कसे चालतात हे आदल्या दिवशी येऊन समजून घ्या, दोन्ही डेक नवख्या हाताला अवघड आहेत.

---

हंटर_हनुमाननगर · सोमवार, रात्री १०:४४

शनिवारी येतो सर. पाच वाजता चालते का? चार्जर घेऊन येतो.

---

धरमपेठचा_वॉरियर · सोमवार, रात्री १०:५०

ठरलं तर. मेज-ताईंचा नियम धरून यादी उद्या लावतो. घरी प्लगचे पॉइंट चारच आहेत, ज्याच्याकडे एक्स्टेन्शन बोर्ड असेल त्यानं इथंच लिहा.